गेरूचा शेजार

घराची भिंत असो, पुस्तकाचे मुखपृष्ठ असो की हातमागाच्या दुकानाची पाटी, ‘काहीतरी उबदार, मातीच्या वळणाचे हवे’ असे एकदा ठरले की पुढचे काम सोपे वाटू लागते. शेडकार्ड उघडायचे, त्यातून विटकरी, गेरू, पिवडी, तपकिरी, बदामी अशा पाच-सहा पट्ट्या वेचायच्या आणि शेजारी शेजारी लावून टाकायच्या. यातला एकही रंग आक्रस्ताळा नाही, कुणाचे कुणाशी भांडण नाही, त्यामुळे चूक होण्याची भीतीही वाटत नाही. पण काम उभे राहिले की खोली कोंदट दिसते, मुखपृष्ठ दुरून मळके वाटते, पाटीवरची अक्षरे रस्त्यापलीकडून वाचता येत नाहीत. मग ठपका रंगांवर येतो: मातीचे रंग मुळात उदासच, असे म्हणून पुढच्या खेपेला पांढरे आणि करडे गाठले जाते. हा ठपका चुकीचा आहे, हे दाखवण्यासाठी ही प्रस्तावना. मातकट रंगाची ऊब त्याच्या एकट्याच्या अंगात नसते. त्याच्या शेजारी किती उजळ आणि किती गडद रंग आहे, जवळपास एखादा शीत रंग आहे का आणि या सगळ्यावर कोणता प्रकाश पडतो, यांवर ती ठरते. म्हणून मातीची रंगसंगती निवडताना मातीचे रंग सर्वांत शेवटी निवडावेत, असे माझे मत आहे.

सुरुवात या रंगांच्या जातकुळीपासून करू. गेरूचा तांबडा, पिवडीचा पिवळा, जांभ्या दगडाचा तपकिरी तांबूस या सगळ्यांच्या मुळाशी एकच धातू आहे, तो म्हणजे लोह. लोहाचे ऑक्साइड हेमॅटाइटच्या रूपात असले की माती तांबडी होते. त्याला पाणी बांधले गेले आणि गोथाइट झाले की ती पिवळी होते. पिवळी माती तव्यावर किंवा भट्टीत भाजली की सुमारे 300 अंश सेल्सिअसच्या आसपास ते पाणी निघून जाते आणि माती लाल होते. रंगारी हे रसायनशास्त्र जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून करत आले आहेत. मँगनीजची भर पडली की तीच माती अंबर नावाच्या गडद तपकिरीकडे झुकते. थोडक्यात, ही सगळी सख्खी भावंडे आहेत आणि अडचण नेमकी इथेच आहे. रंगचक्रावर त्यांची जागा पिवळ्यापासून तांबड्यापर्यंतच्या एका अरुंद पट्ट्यात येते. त्यांच्यातला फरक मुख्यतः उजळपणाचा आणि तीव्रतेचा आहे, रंगछटेचा फार थोडा. तपकिरी तर रंगचक्रावर स्वतंत्रपणे सापडतच नाही. तो म्हणजे गडद नारिंगी, आणि तोही शेजारी त्याच्याहून उजळ काहीतरी असेल तेव्हाच तपकिरी दिसतो. पूर्ण अंधारात नुसता तोच प्रकाशाचा ठिपका दाखवला तर डोळा त्याला नारिंगी म्हणतो. ज्या रंगाचे अस्तित्वच शेजाऱ्यावर अवलंबून आहे, तो रंग एकट्याने निवडता येईल कसा?

रंग शेजारामुळे बदलतो ही गोष्ट नवी नाही. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगविभाग सांभाळणाऱ्या मिशेल युजीन शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने 1839 मध्ये तिच्यावर ग्रंथच लिहिला. काळे सूत फिके पडते अशी विणकरांची तक्रार होती. तपासाअंती कळले की रंग निकृष्ट नव्हता, शेजारचे निळे-जांभळे धागे त्याला फिके करत होते. जोसेफ आल्बर्स यांनी 1963 मध्ये ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’मध्ये हाच धडा कागदाच्या तुकड्यांनी शिकवला. मातकट रंगांना हा नियम इतरांपेक्षा जास्त लागू पडतो, कारण त्यांची तीव्रता कमी असते. भडक लाल शेजाऱ्याला दाबून टाकतो. गेरू मात्र शेजाऱ्याचे ऐकतो. राखाडीशेजारी तो पेटतो, केशरीशेजारी विझतो.

याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच डोंगरात आहे. अजिंठ्याची चित्रे म्हटले की तांबूस, सोनेरी, तपकिरी असा एक उबदार ठसा मनात उभा राहतो. पण चित्रकारांनी वापरलेल्या द्रव्यांची यादी पाहा. बेसॉल्टच्या खडबडीत भिंतीवर चिखल, तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर पांढऱ्याचा पातळ थर, आणि मग रंग: लाल गेरू, पिवळी माती, दिव्याची काजळी, चुना-जिप्समसारखे पांढरे, आणि हिरवी माती. ही हिरवी माती बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडते, म्हणजे लेणे ज्या दगडात कोरले त्याच जातीच्या दगडातून शीत रंग काढला गेला. वाकाटकांच्या काळातल्या, पाचव्या शतकातल्या टप्प्यात यात आणखी एक रंग येतो, तो म्हणजे लाजवर्दाचा निळा. हे खनिज आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडून यायचे. हजारो किलोमीटर दुरून, महागामोलाचा, आणि भिंतीवर फार थोड्या जागेत वापरलेला. पायाखालच्या मातीत हवे तेवढे तांबडे-पिवळे फुकट असताना चित्रकारांनी हा खटाटोप का केला असेल? श्रीमंती दाखवण्याचा भाग त्यात असेलही. पण पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर उभे राहिले की डोळ्यांना वेगळे उत्तर मिळते. अंगाची कांती उजळते ती नाकाच्या शेंड्यावर, हनुवटीवर दिलेल्या पांढऱ्याच्या फटकाऱ्यांमुळे. भोवतीचा हिरवा-काळा गडद भाग तिला पुढे आणतो. आणि मुकुटातला निळा ठिपका शेजारच्या पिवळ्याला सोन्याचे मोल देतो. हे शीत आणि गडद काढून टाकले तर उरेल तो नुसता तांबूस पसारा.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून अजिंठ्याचा दाखला फसवा ठरेल. गेल्या शतकात 1920 च्या सुमारास निजाम सरकारने चित्रांच्या जतनासाठी इटलीहून तज्ज्ञ बोलावले होते. सुटणारे रंग धरून ठेवावेत म्हणून त्यांनी भिंतींवर लाखेचे वॉर्निश चढवले. त्यांचा हेतू चांगला होता आणि त्यांनी पुष्कळ काही वाचवलेही. पण लाखेचा थर काळाबरोबर पिवळा आणि मग तपकिरी होत जातो. त्यावर धूर आणि धूळ बसली. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना तो थर मोठ्या कष्टाने काढावा लागला. म्हणजे जुन्या छायाचित्रांतून जी मधाळ, एकजीव झाक आपल्याला ‘अजिंठ्याचा रंग’ म्हणून आवडते, तिच्यातला काही भाग लाखेचा आहे. आज संगणकावर अजिंठ्याचे छायाचित्र उघडून त्यातून पाच रंग टिपून घेणारा विद्यार्थी नेमका हा पडदाच टिपून घेतो, आणि ज्या पांढऱ्या-निळ्या-हिरव्यामुळे ते चित्र जिवंत होते ते मात्र निसटतात. अमृता शेरगिल यांनी अजिंठा पाहिला तो चित्रकाराच्या नजरेने. पॅरिसमध्ये शिकून परतलेल्या या चित्रकर्तीने त्यानंतर 1937 मध्ये रंगवलेल्या दक्षिण भारतीय चित्रत्रयीत मातीचे रंग भरभरून आहेत. पण ‘ब्रह्मचारी’ या चित्रातली तपकिरी अंगे उजळतात ती त्यांच्या धोतरांच्या पांढऱ्यामुळे. त्यांनी अजिंठ्यातून उचलले ते रंगांमधले अंतर.

आता दुसरा दाखला, अगदी उलट टोकाचा. कोकणात आणि गोव्यात जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवर कावीकाम दिसते. रंग दोनच: काव आणि चुना. शिंपल्या भाजून केलेला चुना, वाळू आणि गूळ एकत्र मुरवून पांढरा गिलावा केला जातो. त्यावर तांबड्या कावेचा थर चढवून तो गुळगुळीत गोट्याने घोटतात, आणि थर ओला आहे तोवर टोकदार लोखंडी सळीने नक्षी खरवडतात. खरवडले की खालचा पांढरा उघडा पडतो. वेल, मोर, कमळाची चक्रे, सगळे या एका उघडझापीतून उभे राहते. जवळ जाऊन पाहिले तर रेघेच्या कडेला तांबड्याची बारीक तुटकी किनार दिसते, आणि त्या किनारीमुळेच रेघ सजीव वाटते. या कामात शीत रंग नाही, तिसरा रंग नाही, तरी ते कोंदट होत नाही. कारण उजळ आणि गडद यांच्यातले अंतर जवळजवळ टोकाचे आहे. डहाणू-तलासरीकडची वारली चित्रे याच तत्त्वावर उभी आहेत: गेरू-मातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. जिव्या सोमा मशे यांनी ती भिंतीवरून कागदा-कापडावर आणली तेव्हाही पार्श्वभूमीचा मातीरंग आणि पांढऱ्याचे हे नाते सोडले नाही. मुंबईकरांना रोजच्या वाटेवरचा दाखला हवा असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहावे. मालाडचा पिवळसर दगड तिथे कुर्ल्याच्या करड्या बेसॉल्टशेजारी बसवला आहे. तोच पिवळा दगड एकट्याने वापरला असता तर पावसाळी आभाळाखाली तो फिका पडला असता. करड्याच्या सोबतीने तो जुलैतही उबदार राहतो.

या दाखल्यांवरून निवडीचा क्रम ठरतो. आधी उजळ आणि गडद अशी दोन टोके पक्की करावीत: चुन्याचा, भाताच्या पेजेचा किंवा हस्तिदंती पांढरा एका बाजूला आणि काजळी, बेसॉल्ट किंवा जवळजवळ काळा तपकिरी दुसऱ्या बाजूला. मग एक शीत शेजारी ठरवावा. आणि त्यानंतर, या तिघांच्या मध्ये, तांबडे-पिवळे सोडावेत. तेही दोन, फार तर तीन. गृहसजावटीत साठ-तीस-दहा टक्क्यांचा एक प्रसिद्ध नियम आहे. तो सोयीचा आहे, पण तो क्षेत्रफळाबद्दल बोलतो, उजळ-गडदाच्या अंतराबद्दल नाही. साठ टक्के बदामी, तीस टक्के विटकरी आणि दहा टक्के मोहरी हे प्रमाण नियमात चोख बसते आणि भिंतीवर चिखल होते. आपण निवडलेल्या पट्ट्यांचे छायाचित्र काढून ते कृष्णधवल करून पाहावे. सगळ्या पट्ट्या एकाच करड्या रंगात बुडाल्या तर रंगसंगती अजून झालेली नाही, असे खुशाल समजावे.

अक्षरांच्या बाबतीत तर हे मोजूनच दाखवता येते. संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या प्रमाणकानुसार नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्यात किमान 4.5 ला 1 इतका उजळपणाचा भेद लागतो. लाल 198, हिरवा 107, निळा 61 या मात्रांचा सुरेख विटकरी घ्या. कोऱ्या पांढऱ्यावर त्याचा भेद सुमारे 3.8 भरतो आणि हस्तिदंती पार्श्वभूमीवर 3.2 च्या आसपास घसरतो. म्हणजे हल्ली सर्रास दिसणारी ‘हस्तिदंतीवर विटकरी अक्षरे’ ही जोडी मोठ्या मथळ्यापुरती ठीक आहे, परिच्छेदासाठी नाही. त्याच हस्तिदंतीवर लाल 92, हिरवा 58, निळा 33 असा गडद तपकिरी ठेवला की भेद साडेआठपर्यंत जातो, आणि ऊब तसूभरही कमी होत नाही. देवनागरीला याची गरज अधिक आहे. मात्रा, रफार, अनुस्वार, जोडाक्षरांतल्या बारीक गाठी फिक्या शाईत आधी हरवतात.

राहिला प्रकाश, आणि माझ्या मते आपल्याकडची बहुतेक मातकट घरे इथेच फसतात. आपल्या घरांत, दुकानांत 6500 केल्विनचे पांढरेशुभ्र दिवे लावण्याची सवय आहे. अशा निळसर प्रकाशात पिवडी हिरवट होते आणि विटकरी करडा पडतो. शिवाय स्वस्त एलईडीच्या खोक्यावर छापलेला रंगदर्शनाचा आकडा 80 असला तरी तो आठ सौम्य नमुन्यांची सरासरी असतो. गडद लालाचा नमुना त्यात धरलेलाच नसतो. त्यामुळे आकडा बरा दिसतो आणि नेमका गेरू मरतो. 2700 ते 3000 केल्विनचा, लाल नीट दाखवणारा दिवा लावला की तीच भिंत उजळते. पण रंग आधी ठरवून दिवा मागून बदलण्यापेक्षा दिवा आधी ठरवून त्याखाली रंग निवडणे स्वस्त पडते. नैसर्गिक उजेडाचेही तेच. आपल्याकडे चार महिने आभाळ भरलेले असते आणि त्या काळात बाहेरच्या चुनागेरूच्या भिंती ओल धरून गडद होतात, कारण रंगाच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी शिरले की प्रकाश विखुरणे कमी होते. मे महिन्यात कोरडा नमुना पाहून निवडलेला रंग श्रावणात वेगळाच वाटतो, तो यामुळे. नमुना ओला करून पाहणे हा दोन मिनिटांचा उपाय आहे.

यावर काही आक्षेप येतात आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिला असा की ही सगळी लाट आहे. पँटोनने 2025 सालासाठी ‘मोका मूस’ नावाचा तपकिरी निवडला, म्हणून सगळे तपकिरीच्या मागे. लाट आहे हे खरे. पण लाट ओसरल्यावर काय उरते हे द्रव्यावर ठरते. लोहाचे रंग उन्हात उडत नाहीत, चुन्या-सिमेंटच्या क्षाराने बिघडत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत सत्तर हजार वर्षांपूर्वीच्या गेरूच्या तुकड्यांवर कोरलेल्या जाळीदार रेघा सापडल्या आहेत. भीमबेटकाच्या खडकांवरचा गेरू आजही स्पष्ट दिसतो. उलट बाजारातले पुष्कळ सेंद्रिय पिवळे-लाल काही उन्हाळ्यांत फिके होतात. दुसरा आक्षेप उष्णतेचा: आधीच उकाडा, त्यात उष्ण रंग कशाला? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. भिंत तापते ती मुख्यतः गडदपणामुळे. उजळ पिवडीची भिंत गडद निळ्या भिंतीपेक्षा कमी तापते. उन्हाच्या बाजूला उजळ मातकट आणि सावलीत गडद, एवढे पाळले तर उकाड्याची भीती नको.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. मातीचे रंग म्हणजे गाव, साधेपणा, ‘देशीपणा’ अशी एक तयार भावना विकली जाते, आणि ज्यांच्या भिंतींवरून हे रंग आले त्यांच्या वाट्याला त्यातले काही येत नाही. वारली आकृत्या नॅपकिनवर आणि गेरूचा रंग उपाहारगृहाच्या भिंतीवर, एवढ्यावर हा संबंध संपतो. आक्षेप बरोबर आहे, पण तो रंग वापरण्यावर नसून उसनवारीवर आहे. एखाद्या समाजाची आकृती उचलली तर तिचे श्रेय आणि मोबदला त्या कलाकारांना मिळायलाच हवा, याबद्दल तडजोड नको. पण लोहाची माती कुणा एकाची नाही. आणि ज्याला रंगांमधले नाते कळले त्याला आकृती उचलण्याची गरजही उरत नाही; त्याला स्वतःच्या गावचा दगड, स्वतःच्या दारातला उजेड पुरतो.

चौथा आक्षेप संगणकावर काम करणाऱ्यांचा: पडद्यावर माती कुठली? पडद्यावर माती नाही, पण हे रंग तीव्रतेने कमी असल्यामुळे पडद्याच्या आणि चाररंगी छपाईच्याही आवाक्यात आरामात बसतात. भडक निळ्या-हिरव्यांची छपाईत होते तशी निराशा इथे होत नाही. धोका वेगळाच आहे. छपाईत तपकिरी तीन-चार शायांच्या समतोलातून तयार होतो, त्यामुळे सायन जराशी वाढली तरी तो हिरवट होतो, कमी झाली की तांबारतो. एकाच पुस्तकाच्या दोन फॉर्मांत दोन तपकिरी निघतात ते यामुळे. यावर उपाय छपाईखान्यात माहीत असतात: सायनचे काम शक्य तेवढे काळ्या शाईकडे सोपवायचे, किंवा तो एक रंग स्वतंत्र शाई म्हणून घोटून घ्यायचा. खर्च थोडा वाढतो, पण ज्या मुखपृष्ठाचा सगळा डोलारा एका विटकरीवर उभा आहे तिथे तो खर्च करावा.

शीत शेजारी कोणता घ्यावा, हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याला एकच उत्तर नाही. देशावरच्या घराला बेसॉल्टचा निळसर करडा आपोआप लाभतो. फरशीत, जोत्यात तो आधीच असतो आणि त्याला मोजायचेच आपण विसरतो. कोकणात, गोव्यात जांभ्याच्या चिऱ्यांशेजारी झाडीचा हिरवा इतका असतो की भिंतीवर वेगळा शीत रंग आणायची गरज क्वचितच पडते. तिथे चुन्याचा पांढराच पुरतो. कापडात नीळ आहे, आणि निळीशेजारी गेरू जितका खुलतो तितका दुसऱ्या कशानेच खुलत नाही, असे माझे मत आहे. छापील पानावर मात्र बहुधा कागदाचाच कल पाहावा लागतो: निळसर पांढऱ्या आर्ट पेपरवर शीतपणा कागदातच असतो, पिवळसर कागदावर तो बाहेरून आणावा लागतो. म्हणून पुढच्या पहिल्या प्रकरणात एकही मातकट रंग येत नाही. तिथे आधी करडे, निळे आणि हिरवे येतात, मग दोन पांढरे आणि दोन काळे. गेरूची पाळी त्यानंतर.